खिजाबाची मिसल

विषय : जालना तहसील कचेरीचे पेशकार दिगंबरराव यांच्या केसांस व मिशांस आलेल्या रंगाबाबत.

संदर्भ : कचेरीतल्या मंडळींच्या तोंडी आठवणी. लेखी आधार आहे, पण तो उर्दूत आहे आणि कपाटाची किल्ली आता माझ्याकडे नाही.

उपरोक्त विषयी निवेदन करण्यात येते की... असं सुरू केलं की मला बरं वाटतं. सारी नोकरी अशाच वाक्यांत गेली.

कचेरीत काम साठतं ते सगळ्या जगाला दिसतं. किस्से साठतात ते फक्त कारकुनांना दिसतात. काम निदान कधीतरी निकालात निघतं. किश्श्याला ती सोय नाही. आमच्या पेशकारांनी एकदा डोक्याला रंग लावला, त्यावर आम्ही सगळे पुढची काही वर्षं जगलो. पगार होता, पण तो पोटापुरता.

निजामी अमलातली शेवटची वर्षं. सुट्टी शुक्रवारी, दफ्तर उर्दूत, आणि साहेबासमोर बोडक्या डोक्यानं जायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर तांबडी, गोंड्याची रुमी टोपी. पेशकार म्हणजे तहसीलदाराच्या खालोखाल कचेरी हाकणारा माणूस. तहसीलदार येत आणि बदलून जात, पेशकार राही. मी दिगंबररावांच्या हाताखालचा सर्वांत धाकटा कारकून होतो.

दिगंबररावांचं वय पंचावन्नला टेकलं होतं. पंचावन्नला वजीफा, म्हणजे पेन्शन. वजीफ्यावर गेलं की जालन्यातलं बिऱ्हाड मोडायचं आणि बदनापूरकडच्या गावी थोरल्या भावाच्या घरात राहायला जायचं. तसं यात वाईट काही नव्हतं. घर मोठं, ज्वारी घरची. अडचण एकच होती : कमल, त्यांची मुलगी. तिच्या मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती. गावातली शाळा चौथीपर्यंत होती आणि थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, शिक्षणाबद्दलची समजूत त्याच्याही अलीकडे थांबली होती. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाबरोबर दादांचा निरोप येई : "पोरीला घेऊन ये. स्थळ बघून ठेवलंय."

म्हणजे दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर कमल मॅट्रिक. नाही मिळाली तर कमलचं लग्न. मधला रस्ता नव्हता.

मुदतवाढ कोणाला द्यावी, याबद्दल कायद्यात पुष्कळ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात जिल्ह्याचे धनी, म्हणजे अव्वल तालुकदार, दौऱ्यावर येत, माणसाला समोर उभा करत आणि वरपासून खालपर्यंत बघत. ताजा दिसला तर मुदतवाढ. थकलेला दिसला तर दुआ आणि वजीफा! आमचे आधीचे नाझर तालुकदारांसमोर नुसते शिंकले होते. पुढच्या महिन्यात वजीफ्यावर गेले.

दिगंबररावांचं अंग काटक, आवाज खणखणीत. पण केस आणि मिशा कापसासारख्या. ख्वाजामियाँ नावाचे आमचे मोहरिर, म्हणजे उर्दू लिहिणारे कारकून, दिगंबररावांचे जुने दोस्त. तेच एक दिवस म्हणाले, "दिगंबर, तेरा काम बराबर, सेहत बराबर. नुसतं डोकं दगा देऊन राह्यलंय!"

इथून विषय सुरू होतो.

*

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या गल्लीत याकूब खलिफांचं दुकान होतं. न्हाव्याला आमच्याकडे आदरानं खलिफा म्हणत. दुकानावर पाटी होती 'न्यू फॅशन हेअर कटिंग सलून'. त्यातली न्यू वस्तू म्हणजे ती पाटी. आरशाला मधोमध तडा गेला होता, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाचे दोन अर्धे वेगवेगळ्या वयांचे दिसत.

खिजाबाची, म्हणजे केस रंगवण्याची, रीत अशी की आधी मेंदी. तिनं केस लाल होतात. मग त्यावर वसमा, म्हणजे निळीच्या पानांची पूड. लाल बुडतं आणि काळं वर येतं. खलिफांनी शुक्रवारी सकाळी दिगंबररावांना खुर्चीत बसवलं, मेंदी थापली, धुतली. वसमा थापला, धुतला. मग टॉवेल काढून बाजूला झाले आणि स्वतःच गप्प बसले. खलिफा गप्प बसले ही धोक्याची खूण होती, कारण हजामत चालू असताना ते श्वाससुद्धा बोलता बोलता घेत.

मेंदीनं आपलं काम चोख केलं होतं. वसम्यानं बिलकुल काही केलं नव्हतं. ती पूड किती साल डब्यात होती ते डब्यालाही आठवत नसावं. दिगंबररावांचं डोकं भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखं झालं होतं आणि मिशी तर पेटल्यासारखी!

"खलिफा, हे काय?"

"रंग है, साब."

"मी काळा म्हणलो होतो."

"कालाच है. अबी सो रा. सबेरे उठता."

"आन् न्हाई उठला तर?"

"तो परसों उठता. जल्दी कायकू करते? जवानी जायला तीस वर्सं लागले, साब. यायला दोन दिवस तर देव!"

दिगंबररावांनी दोन दिवस दिले. मग आणखी दोन दिले. रंग काही उठला नाही. रस्त्यात भेट झाली की खलिफा लांबूनच हात हलवून सांगत, "चढ रा, साब! चढ रा!"

*

त्या शुक्रवारी ते घरी पोचले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं, आणि पदर सावरून म्हणाल्या, "कोन पायजे? ते घरी न्हाईत."

"अगं, मीच."

काकूंनी नीट बघितलं. "मंग आत या जल्दी. शेजारच्यांनी बघायच्या आत!"

कमल पुस्तकात डोकं घालून हसत होती. हसता हसता तिला काहीतरी उमगलं असावं. तिनं पुस्तक मिटलं.

"बाबा, हे माझ्या मॅट्रिकसाठी केलं का?"

"तुझ्यासाठी कशाला? मी सुंदर दिसावं म्हणून केलं."

"मंग पैसे परत घेऊन या," कमल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत उपायांची नदी वाहिली. प्रत्येकाला एक उपाय ठाऊक होता आणि कुणी तो स्वतःवर केलेला नव्हता. रिठे झाले. ताक झालं. कुणी सांगितलं, लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घाला आणि ते पाणी डोक्याला चोळा, कोळसा फिका पडेल. काकूंनी तेही केलं. केस होते तसेच लाल राहिले. कान मात्र उत्तम काळे झाले. ख्वाजामियाँ म्हणाले, "दिगंबर, तेरे कानाला तर मुदतवाढ पक्की!"

कचेरीत टोपी होती, पण टोपीचाही रंग तांबडाच. टोपी कुठं संपते आणि पेशकार कुठं सुरू होतात ते लांबून कळत नसे.

*

मेंदीनं रंगवलेली लाल दाढी-मिशी म्हणजे आमच्या भागात हज करून आलेल्या बुजुर्गांची खूण. दिगंबरराव जुन्या जालन्याच्या गल्लीतून कचेरीकडे निघाले की अनोळखी माणसं दुकानाच्या पायरीवरून उठून उभी राहत आणि सलाम करत. पहिल्या दिवशी दिगंबररावांनी थांबून प्रत्येकाला समजावून सांगितलं. कचेरीला उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून ते नुसतेच सलाम घेऊ लागले. आठवड्याभरात मुलांच्या डोक्यावर हातही ठेवू लागले.

ख्वाजामियाँना हे फार लागलं. "मैं पाँच वक्त का नमाजी. माझी दाढी वीस वर्सं सफेद. मेरेकू कोई उठके पान न्हाई देता. आन् हा, एका जुम्म्यात बुजुर्ग झाला!"

त्याच दिवसांत कचेरीत दोन भाऊ आले. त्यांचा बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून वाद होता. वाद इतका जुना की तो सुरू करणारे वडील वारले होते, झाडाचं खोड दुप्पट झालं होतं. दर तारखेला दोघे येत, एकमेकांकडे पाठ करून बसत आणि पुढची तारीख घेऊन जात. त्या दिवशी पेशकारांच्या मेजासमोर आले आणि गांगरले. थोरला हात जोडून म्हणाला, "बाबा, आता तुमीच सांगा."

दिगंबररावांचं डोकं त्या दिवशी आतूनही तापलं होतं. ते ओरडले, "अरे, तो लिंब जातो कुठं? तुमी दोघं जाल, लिंब तिथंच राहील! सावलीला बसा की दोघंबी!"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. मग धाकटा रडायला लागला. मग थोरला. दुपारपर्यंत राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, लिहून झाला आणि दोघांनी जाताना पेशकारांचे पाय धरले.

दिगंबरराव हेच वाक्य दर तारखेला सांगत आले होते. पांढऱ्या मिशीतून सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं.

*

आणि अव्वल तालुकदार दौऱ्यावर आले.

त्या सकाळी दिगंबरराव खलिफांकडे जाऊन आले होते. खलिफांनी डोकं उजेडात फिरवून फिरवून बघितलं आणि सांगितलं, "साब, काले की शुरुआत हो गई." शुरुआत कोणाला दिसली नाही. मग दिगंबररावांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि ओळीत उभे राहिले. मी त्यांच्या मागे होतो. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता आणि तोसुद्धा गुलाबी होता.

तालुकदारसाहेब एकेकाला बघत पुढे आले. दिगंबररावांपाशी थांबले. मग एकदम अदबीनं हात कपाळाला नेला आणि स्वतःची खुर्ची पुढे करायला लावली.

"तशरीफ रखिए, बुजुर्गवार. आप किसके वालिद हैं?"

तहसीलदार पुढं झाले. "हुजूर, हे पेशकार."

"पेशकार के वालिद?"

"खुद पेशकार, हुजूर."

तालुकदारांनी पुन्हा बघितलं. "उम्र?"

"पचपन, हुजूर," दिगंबरराव म्हणाले. आवाज खणखणीत होता. तेवढाच एक उपयोगी पडला.

"पचपन?" तालुकदार मोठ्यानं हसले. "पचपन के तो हम हैं!"

तालुकदारांचे केस काळेभोर होते. इतके काळे, की आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागलो.

मग त्यांनी दिगंबररावांची मुदतवाढीची दरखास्त, म्हणजे अर्ज, मागवली आणि तिच्यावर शेरा लिहिला : 'दरखास्तदार पचपन का नहीं, बहुत ज्यादा का मालूम होता है. उम्र की तहकीकात की जाए. तब तक न मुदतवाढ, न वजीफा.' चौकशीत माणूस बदलू नये म्हणून दरखास्तदाराचं वर्णनही मिसलीत, म्हणजे फाइलीत, नोंदवायची पद्धत होती. तेही तिथंच लिहिलं गेलं : 'कद मझला, रंग गेहुआँ, बाल और मूँछ सुर्ख', म्हणजे लाल.

गाडी गेली. दिगंबरराव खुर्चीत बसून होते. ती तालुकदारांनी दिलेलीच खुर्ची, उठायचं त्यांना सुचलं नव्हतं. "गेलं," ते म्हणाले. "पोरीला काय सांगू आता?"

ख्वाजामियाँ शेरा वाचत होते. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि एकदम मेजावर थाप मारली.

"दिगंबर! मिठाई मंगा!"

"मयतीला मिठाई?"

"अरे, नीट बघ! न मुदतवाढ, न वजीफा! म्हंजे तहकीकात संपेपर्यंत तू जागचा हलत न्हाईस! आन् या कचेरीत दोन वर्सांच्या आत कोणती तहकीकात संपली, ते तूच सांग. तूच तर चालवतो!"

दिगंबररावांनी शेरा हातात घेतला. बऱ्याच वेळानं त्यांच्या पेटलेल्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसत होते.

*

तहकीकात रीतसर गावी गेली. दिगंबररावांच्या जन्माच्या वेळी हजर असलेली एक सुईण अजून जिवंत होती. पटवाऱ्यानं तिचा जबाब घेतला.

"हे पोरगं मीच आणलं. त्या साली लई पाऊस झाल्ता."

"कोणत्या साली?"

"का झालाच न्हवता? दोन्हीपैकी एक झाल्तं, येवढं नक्की."

मग दादांचा जबाब. धाकटा भाऊ वजीफ्यावर यावा आणि पुतणीचं लग्न उरकावं ही दादांची तळमळ. त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "लिहा, साठ पुरी! वर काही असतील तर माफ!"

पटवारी लिहिता लिहिता थांबला. "दादा, तुमी त्याच्याहून किती मोठे?"

"मी? सात वर्सांनी."

"म्हंजे तुमी सदुसष्ट. मंग पोलीसपाटीलकी अजून तुमच्याकडं कशी? ती सोडावी लागंल ना?"

दादांनी पाणी मागवलं. पाणी पिऊन झाल्यावर जबाब बदलला. मिसलीत तो असा आहे : 'धाकटा भाऊ माझ्यापेक्षा लहान आहे, हे मी शपथेवर सांगतो.'

हा जबाब जालन्याला आला तेव्हा ख्वाजामियाँनी त्याची सुंदर उर्दू केली आणि दिगंबररावांनी तो पुढच्या खुलाशासाठी परत गावी पाठवला. कमल तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात गेली होती.

*

आता एक अडचण होती. मिसलीत वर्णन 'सुर्ख'. केस मुळापासून पांढरे येऊ लागले होते. चौकशीला कोण कधी येईल याचा नेम नाही. म्हणजे ज्या रंगापायी माणसाची झोप उडाली होती तोच दर महिन्याला लावणं भाग होतं. खलिफांना सांगितलं, नुसती मेंदी. दुसरं काही नको. खलिफा मान हलवत आणि मेंदी लावत. चेहऱ्यावर मात्र अपमान दिसे.

एका शुक्रवारी खबर आली की चौकशीसाठी उद्या गिरदावर, म्हणजे महसुली तपासनीस, येणार, मिसल घेऊन, वर्णन ताडून बघायला. दिगंबरराव धावत खलिफांकडे गेले, खुर्चीत बसले आणि थकल्यामुळे तिथंच डोळा लागला.

जागे झाले तेव्हा खलिफा हात जोडून उभे होते, डोळे ओले.

"साब, इतके दिन मेरे दिल पे बोझ था. खास हैदराबादहून ताजा वसमा मंगाया. देखो!"

तडा गेलेल्या आरशात दोन्ही अर्धे एकाच वयाचे दिसत होते. चाळिशीचे. केस काळेभोर, मिशी काळीभोर, कुठं डाग नाही. दिगंबरराव नंतर म्हणाले, "वाईट काय, तर मी देखणा दिसत होतो. अर्धा मिनिट मी रागवायचंसुद्धा विसरलो."

मग आठवण झाली. "खलिफा, आता उद्या माझी ओळख कोण पटवणार?"

"ओळख? साब, आज तर असली पेशकार निकला है!"

मिसलीत लाल, समोर काळा. सरकारशी तोतयेगिरी ठरायला दुसरं काय लागतं? नोकरीही जाईल, वजीफाही जाईल. आणि कमलची परीक्षा तोंडावर. दिगंबररावांनी आरशाकडे शेवटचं बघून घेतलं आणि म्हणाले, "काढ सगळं. मिशीसकट."

खलिफांनी वस्तरा घेतला, पण हात चालेना. एवढा चांगला रंग त्यांना जन्मात पहिल्यांदा जमला होता.

घरी काकूंनी कपाळाला हात लावला. "लाल झालं, काळं झालं, आता तर गेलंच!"

दुसऱ्या दिवशी गिरदावर आले. पेशकारांचं तुळतुळीत डोकं आणि सफाचट मिशी बघून दारातच थांबले. आपल्यात हे कशासाठी करतात ते सर्वांना ठाऊक आहे. गिरदावर भला माणूस. त्यानं आवाज खाली आणला.

"अरेरे. वडील?"

दिगंबरराव खोटं बोलत नसत. "गेले," ते म्हणाले. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती.

"कधी?"

"आता कधी म्हणून सांगू, साहेब..."

गिरदावरानं पुढं विचारलं नाही. मिसलीवर लिहिलं : 'दरखास्तदार सुतकात. तहकीकात तहकूब.' ख्वाजामियाँनी खाली आपल्या अक्षरात एक ओळ घालून दिली, की ज्याचे वडील आत्ताआत्तापर्यंत हयात होते, तो माणूस फार म्हातारा असण्याचा संभव कमी. ही बाब वरिष्ठांना फारच विचार करण्यासारखी वाटली असावी, कारण त्यानंतर मिसल कित्येक महिने औरंगाबादेतून परत आली नाही.

तेवढ्यात कमल मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झाली.

*

कमल पास झाली. निकाल कळला त्या दिवशी दादा गावाहून स्वतः गाडी जुंपून आले, पेढे वाटले आणि कचेरीत सगळ्यांना सांगून गेले, "आमच्या घराण्यात शिक्षणाची गोडी पहिल्यापासूनच." बघून ठेवलेल्या स्थळाचं पुढं काय झालं ते कोणी विचारलं नाही. कमलला मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईंची जागा मिळाली. पहिल्या दिवशी ती शाळेला निघाली तेव्हा दिगंबरराव दारात उभे राहून तिला लांबपर्यंत बघत होते. त्या महिन्यापासून त्यांनी मेंदी बंद केली.

मग राजवट बदलली. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीवरचं निशाण बदललं, शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली आणि तहसीलदार म्हणून बाहेरच्या मुलखातले एक तरुण साहेब आले. माणूस सरळ, कामाला चोख. उर्दूचं मात्र त्यांना अक्षर येत नव्हतं. जुनी मिसल हातात आली की ती आधी कोणत्या बाजूनं उघडायची, इथपासून सुरुवात होई.

दिगंबररावांनी टपालातून साधा एकपानी अर्ज घातला : वय झालं, काम पुरं झालं, आता वजीफ्यावर जाऊ द्यावं. साहेबांनी जुनी मिसल मागवली. ती कपाटातून बाहेर निघाली, आणि वाचून दाखवायला दिगंबररावांनाच उभं केलं, कारण ख्वाजामियाँ त्या दिवशी रजेवर होते. दिगंबररावांना साहेब नुसते 'पेशकार' म्हणून ओळखत, नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

"हा दिगंबरराव नावाचा इसम अजून नोकरीत आहे?"

"आहे, साहेब."

"कुठं बसतो?"

"आता उभा आहे, साहेब. आपल्यासमोर."

साहेबांनी मिसलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "वर्णन वाचा."

"कद मध्यम. रंग गव्हाळ. केस आणि मिशा लाल."

"तुमचे तर पांढरे आहेत."

"होय, साहेब."

"माणसाचे केस लालचे पांढरे होतात?"

"निजामी अमलात होत, साहेब."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन बंद केलं. "अहो, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या वरून विचारलं, की पेन्शन कोणाला दिलं, तर काय सांगू? ओळख पटवणारा एखादा बाहेरचा साक्षीदार आणा. कचेरीतला नको."

बाहेरचा साक्षीदार एकच होता. याकूब खलिफा नवा शर्ट घालून, टोपी नीट करून आले. साहेबांनी विचारलं, "या गृहस्थांना ओळखता?"

खलिफा दिगंबररावांच्या मागे गेले, दोन बोटांनी त्यांचं डोकं पुढं वाकवलं, मानेवरचे केस उलटे करून बघितले, कानामागं बघितलं.

"हौ, साब. ये सर मेरा है."

"म्हणजे?"

"बीस साल से मैं करता. रंगसुद्दा मीच लावला."

दिगंबररावांनी सुस्कारा सोडला. साहेबांनी पेन उघडलं. "ठीक. म्हणजे यांचे केस लाल होते, ते तुम्ही केलेले, असं लिहू?"

खलिफा ताठ झाले.

"लाल?" ते म्हणाले. "लाल कब था, साब? मैं तो काला लगाया था!"

जबाब मिसलीला जोडण्यात आला. दिगंबररावांचा अर्ज विचाराधीन आहे.